कोल्बींचा मान

केंब्रिजच्या बाहेर गाडी वळली आणि मी हबकलेच. विटांची एकसारखी घरं, तसलीच दारं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. संचारबंदी लागलीय की काय?

"अहो आई, संडे आहे," जावई म्हणाला. म्हणजे रविवारी माणसं जातात कुठे?

वस्तीच्या तोंडाशी मोठी पाटी होती, 'कोल्बी फील्ड्स'. हे कोल्बी कोण, विचारलं तर लेक मंजिरी म्हणाली, "कसली तरी पायोनियर फॅमिली गं. ब्रोशरमध्ये होतं." घर घेऊन बसले, पण गाव कुणी वसवलं ते ठाऊक नाही!

दुसऱ्या दिवशी फिरून आले, किल्ली फिरवतेय तर फिरेना. दार उघडलं आणि समोर टॉवेल गुंडाळलेला गोरा! अगं बाई! घरच चुकलं होतं. सॉरी-सॉरी झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी कोल्बींचं विचारलं. त्याने वस्तीच्या टोकाच्या पत्र्याच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. कोल्बींची म्हातारी अजून तिथेच राहते म्हणे.

आम्ही कोकणातले. आमच्याकडे कुठल्याही कार्यात पहिला नारळ गाव वसवणाऱ्या घराण्याच्या मूळपुरुषाला असतो. मंजिरीची वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. मानकरी जिवंत असताना त्यांना न विचारता कार्य उरकायचं? मला ते पटेना. नारळ घेऊन निघाले.

पत्र्यामागे जुनं शेतघर होतं. गमबूट घातलेल्या उंच बाईंनी दार उघडलं. "चॅरिटीसाठी आलात?"

"नाही. जेवायला बोलवायला. हे गाव तुमचं आहे," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

बाई चौकटीला धरून पायरीवर बसल्याच. एवढी घरं झाली, पण बोलवायला कुणीच आलं नव्हतं. चहाबरोबर त्यांनी लिंबाचा केक दिला, जरा कोरडाच होता. मग म्हणाल्या, "येत्या सोमवारी मी वृद्धाश्रमात जाते. हे पाडून रस्ता काढणार आहेत." परसातल्या पेअरच्या झाडाकडे पाहत पुढे म्हणाल्या, "आणि तिथे जॉर्ज आहे."

जॉर्ज म्हणजे त्यांचा नवरा; त्याच्या अस्थींचा कलश त्या झाडाखाली पुरलेला! "अहो, बरोबर न्या ना!"

"तिथे मला एक खोली मिळणार. तो कधी चार भिंतींत राहिला नाही. त्याला याच मातीत राहायचं होतं."

त्यांच्या कपात चहा तसाच राहिला.

घरी येऊन मी सांगून टाकलं, कलश आपल्या परसात आणायचा. मंजिरी उडालीच. "आई! वास्तुशांतीला अस्थी? सुतकातल्या माणसाला दारातून परत पाठवणारी तूच ना?"

मीच ती. सोवळ्याबाबत मी किती कडक, आख्ख्या आळीला माहीत आहे.

"आपल्या कोकणातल्या परसात मूळपुरुषाचा दगड आहे ना," मी म्हटलं, "त्याच्याखाली काय आहे, कधी कुणी विचारलंय?"

खरं सांगते, बोलून गेल्यावर मीच चरकले. एवढी वर्षं नारळ ठेवतेय, माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

जावयाने कुदळ घेतली. गुलाबाजवळ खड्डा झाला, कोल्बीबाईंनी कलश स्वतः आत ठेवला. वास्तुशांतीचा पहिला नारळ तिथेच ठेवला. मग बाईंनी शिरा दोनदा मागून घेतला. सोमवारी गाडी आली, तेव्हा आम्ही तिघं त्यांना पोचवायला उभे होतो. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

कोकणात परत येऊन पहिल्यांदा परसातल्या दगडापाशी गेले, तेवढ्यात मंजिरीचा फोन. "कोल्बीआजी दर रविवारी येतात गं. आज विचारत होत्या, मी गेल्यावर जॉर्जशेजारी जागा मिळेल का?"

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, गाव तुमचं आहे."