एकवीस पुड्या

नर्सिंगच्या शाळेत काय शिकलात, असं हल्लीच्या पोरी विचारतात तेव्हा मला आधी माझे पाय आठवतात. तीन वर्षं मी उभीच होते. बसलेली नर्स दिसली की मेट्रनच्या कपाळाला आठ्या पडायच्या. नवरा गेल्यावर भावाने मला तिथे आणून घातलं होतं, त्यामुळे रुसून परत जायची सोय नव्हती. चादरीचे कोपरे दुमडले, भांडी धुतली, सुया उकळल्या. मेट्रनचा एक नियम मात्र मी मनापासून पाळला. पेशंटशी गप्पा मारायच्या नाहीत. औषध द्यायचं, कसं घ्यायचं ते वदवून घ्यायचं आणि पुढच्या पेशंटकडे जायचं. दमलेल्या माणसाला असा नियम फार आवडतो.

शेवटच्या वर्षी सहा महिने खेड्यात काढावे लागत. मला किन्हवलीच्या पुढच्या एका गावात धाडलं. दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा शहापूरहून यायचे, एरवी सगळा कारभार माझ्याच गळ्यात. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि हिवतापाचं कोयनेल दुर्मीळ झालं होतं. त्यात भातकापणीच्या दिवसांत अख्खा मुलूख कुडकुडत होता.

एका सकाळी डोंगरातल्या ठाकरवाडीवरून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून विशीचीही नसेल. पाचवा महिना, अंगात फणफणून ताप. डॉक्टरांनी तपासलं आणि कपाटात उरलेल्या कोयनेलमधून एकवीस पुड्या तिच्यासाठी काढून दिल्या. मी तिच्याकडून वदवून घेतलं. सकाळी एक, दुपारी एक, सांजची एक, सात दिवस. पोरीने न चुकता म्हणून दाखवलं. मी खूश झाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

आठव्या दिवशी तिला झोळीत घालून आणलं. डोळे पिवळे, शुद्ध जेमतेम. मी सासूवर खेकसलेच. "पुड्या दिल्या नाहीत ना हिला?"

"दिल्या गो बाय, देवाशपथ दिल्या," ती म्हणाली. "तीन दिल्या."

"तीन? आणि बाकीच्या?"

"वाडीत समदीच तापानं पडलीत. धा घरं हायत आमची. घरटी दोन दोन वाटल्या. हिला येक जास्ती दिली, पोटातल्याच्या वाट्याची." हे सांगताना तिचा चेहरा असा होता, की आपण कुठे चुकलो नाही याची तिला पुरती खात्री आहे.

मी तोंडाला येईल ते बोलले. औषध म्हणजे काय रानडुकराचं मटण आहे का, असंही म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझीच जीभ अडली.

माझं माहेर मुरबाडकडचं. आमच्या शेताच्या वरच ठाकरांची वाडी होती. शिकार झाली की पळसाची पानं मांडून घराघराचे वाटे पडताना मी लहानपणी कितीदा बघितलं होतं. गरोदर बाईच्या पानावर पोटातल्याचा वाटा वेगळा पडायचा. मधाचं पोळं काढलं तरी तेच. वाडीत आलेली वस्तू एकट्याने खायची नसते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. डॉक्टरांना हे कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. त्या सकाळी "वाडीत आणखी कोण आजारी आहे?" एवढं विचारलं असतं, तर मला तिथेच कळलं असतं. मी विचारलं नाही.

कपाट रिकामं होतं. शहापूरला माणूस धाडला, तो हात हलवत परत आला. मी ओल्या पट्ट्या बदलत राहिले, चमच्याने पाणी पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोर गेली. पोटातलंही गेलं.

तिला न्यायला वाडीतली माणसं आली. त्यातले दोघे स्वतःच तापाने थरथरत होते. सासूने सुनेचे केस नीट केले, माझ्यापाशी आली आणि हळूच विचारलं, "बाय, खरं सांग. पुड्या हिनंच खाल्ल्या असत्या त जगली असती का?"

मी शिकलेली होते. खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी वाटे केले नसते, कदाचित आणखी कुणी वाचलं असतं. पण समोर ती म्हातारी होती आणि तिने घराघरात आपल्या हाताने वाटून दिलेल्या त्या पुड्या होत्या.

"नाय गो," मी म्हणाले. "ताप लय जोराचा होता."

तिने मान डोलावली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात मला सोसवला नाही.

महिनाभराने कोयनेल आलं. ते मी कुणाच्याही हाती दिलं नाही. पिशवी घेऊन त्या वाडीवर चढायची, दहा घरं हिंडायची, प्रत्येकाला समोर बसवून पुडी गिळायला लावायची आणि तोंड उघडून बघायची. म्हातारी म्हणायची, "कशाला येवढी चढतेस गो? माझ्या हाती दे, मी वाटीन." मी तिलाही समोर बसवून पुडी गिळायला लावत असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढत असे.