विमलताईंनी तोललेली कापडं

विमलताई गेल्याचं मला प्रशिक्षणाच्या वर्गात कळलं. बाळंतपणानंतरचं रक्त डोळ्यांनी अंदाजू नका, मोजा, असं मी नव्या सिस्टरांना सांगत होतो आणि टेबलावरचा फोन थरथरला. रनाळ्याच्या विमल सिस्टर वारल्या, एवढाच निरोप. उरलेला तास मी शिकवला… काय शिकवलं, देव जाणे. त्याला आता दीड महिना झाला.

शहाद्याकडच्या एका आरोग्य केंद्रात मी नवा डॉक्टर होतो, त्या जुन्या नर्स. बाळंतिणीखालची भिजलेली कापडं त्या बाळाच्या वजनकाट्यावर ठेवायच्या, कोरड्या कापडांचं वजन वजा करायच्या आणि उरलेला आकडा पेनाने तळहातावर लिहायच्या. कापडात मुरलेलं रक्त दिसत नाही, म्हणून तोलते, एवढंच त्यांचं म्हणणं. मला भारी गंमत वाटायची. "ताई, आज कापसाला काय भाव?" असं मी सगळ्यांदेखत विचारायचो. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. डिग्री मिळाली की अक्कलही मिळते असं समजणारा गाढव होतो मी.

एका दुपारी त्यांनी क्वार्टरवर फोन केला. धडगावकडची एक पोरसवदा बाई बाळंत झाली होती. वार पडली होती, रक्त थांबायची सुई दिली होती, पोट चोळणं चालू होतं. "साहेब, सातशे ग्रॅम भरनं. रगत थांबी नही ऱ्हायनं, तुमी या." मी ताटावर होतो. बाळंतिणीचं रक्त जायचंच, तो काटा ठेवा बाजूला, असं म्हणून मी वरणभात संपवला. दुसरा फोन आला तेव्हा उठलो. तिला गाडीत घालून नंदुरबारला निघालो, पण तापीचा पूल ओलांडायच्या आत ती गेली. बाळ विमलताईंच्या मांडीवर होतं.

चौकशीच्या बैठकीत मला विचारलं, तुम्हाला कधी कळवलं? विमलताई शेजारच्याच खुर्चीवर होत्या. "उशिरा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. त्यांच्यावर ठपका आला, काठीकडे डोंगरात बदली झाली. नोकरीवरून काढू नये अशी शिफारस मात्र मी केली. केवढं मोठं मन माझं!

गेल्या आठवड्यात रनाळ्याला त्यांच्या घरी गेलो, सगळं कबूल करायचं ठरवूनच. त्यांच्या मुलीने, सुनंदाने, चहा दिला आणि ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "मन्हाकडून उशीर व्हई गया व्हता, तरी साहेबस्नी मन्ही नोकरी वाचाडी, आसं माय सांगे." म्हणजे माझं खोटं त्यांनी घरातसुद्धा स्वतःवर घेतलं होतं… का, ते आता कुणाला विचारू? मी तो चहा प्यायलो, तिला आशीर्वाद दिला आणि चालता झालो. लाज वाटते सांगायला.

सुनंदा, तुझ्या आईने वेळेवर बोलावलं होतं. उशीर मी केला. मी जेवत होतो.