उलट हाताचा फेस

बावीस नोव्हेंबरला इमारतीच्या विम्याचा हप्ता भरला. रुपये एक्केचाळीस हजार दोनशे साठ. मूळ हप्ता चव्वेचाळीस हजार आठशे साठ होता. तळमजल्यावरच्या चौदा गाळ्यांपैकी एकाही गाळ्यात जाळ पेटत नाही, असं लिहून दिलं तर तीन हजार सहाशेची सूट होती. सोसायटीचा खजिनदार म्हणून त्या कागदावर मी सही केली.

जाळ पेटत होता. नऊ नंबरच्या गाळ्यात, पडद्यामागे, वातीच्या स्टोव्हवर. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण एकतीस वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला मी त्या गाळ्यात दाढीला बसतो. बावीस तारखेला सोमवार होता. म्हणजे गुळगुळीत गालांनी मी वर गेलो आणि सही केली. आधी कागद करू, मग नोटीस काढून स्टोव्ह बंद करू, म्हणजे कागद आपोआप खरा होईल, असा माझा हिशेब. अध्यक्षही तेच म्हणाले. आमचे अध्यक्ष चष्म्याचे दुकानदार आहेत आणि सूट या शब्दावर त्यांचा फार जीव.

नऊ नंबरच्या मालकांना सगळे वाफेकाका म्हणतात. वय एकाहत्तर. थंडीच्या दिवसांत त्यांच्या दुकानाची काच सकाळी आतून धुरकट होते, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचं सगळं काम त्या वाफेवर चालतं. स्टोव्हवर पसरट पातेलं, त्यात पाणी, आणि पाण्यात पत्र्याच्या कड्यावर टेकवलेली पितळी वाटी. कडं कशाला, तर वाटीचं बूड पातेल्याला लागलं की साबण कडेने शिजतो आणि फेसाला पापुद्रा धरतो. वात एवढी बारीक की पाण्याला घाम यावा, उकळी येऊ नये. ब्रश आधी पाण्यात भिजवून दोनदा झटकायचा, साबणावर फिरवायचा, वाटीत घोटायचा. मग फेसाचा एक ठिपका स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, जसं आया बाळाचं दूध बघतात.

"पहिल्या हाताला ऊन फेस कुणीही देईल," ते सांगत. "पाणी नुकतं उतरवलेलं असतं. माणूस कळतो तो उलट हाताला, केसाच्या विरुद्ध वस्तरा फिरवताना. सुलट वस्तरा फिरून होईपर्यंत वाटी गार पडते. गार फेस लावला की कातडी आखडते, केस ताठ होतो आणि वस्तरा ओरबाडतो. गिऱ्हाईक म्हणतं, धार गेली. अहो, धार कुठे जाते? ऊब गेली!"

कुणी घाई केली की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घाई असेल तर दाढी वाढवा. तिला वेळ लागत नाही, आपोआप होते."

ही कला त्यांनी चुलत्यांकडून घेतली. चुलत्यांनी दोन वर्षं हातात वस्तरा दिला नाही, नुसता फेस करायला लावला. पुढे ऐन तिशीत एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. पगार चांगला, गणवेश, दुपारचं जेवण. तिथल्या मॅनेजरने भिंतीवर घड्याळ लावलं आणि प्रत्येक माणसामागे अकरा मिनिटं ठरवून दिली. काकांनी तीन आठवडे माणसामागे एकेक मिनिट जास्त घेतलं. बाविसाव्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला घड्याळ कळत नाही का?" काका म्हणाले, "कळतं की. बारा वाजलेत." आणि भर दुपारी गणवेश खुर्चीवर टाकून बाहेर पडले. घरी बायको आणि सहा महिन्यांची मुलगी. मी एकदा विचारलं, "काकू काय म्हणाल्या?" ते म्हणाले, "म्हणाली, म्हणजे दुपारचं जेवण आता घरी. तेच जास्त लागलं."

मग हा गाळा. सोसायटीचा, भाड्याचा, पाच-पाच वर्षांच्या कराराने. चालू करार एकतीस डिसेंबरला संपत होता.

नोटीस मीच नेऊन दिली, पंचवीस तारखेला, दाढी झाल्यावर. आधी द्यायचं धाडस झालं नाही. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"अक्षर तुमचं दिसतंय."

"टाइप केलीय, काका."

"तरी तुमचंच. दुसरं कोण 'उपरोक्त' लिहितं?"

"पंधरा दिवसांत स्टोव्ह काढायचाय. नाहीतर करार पुढे होणार नाही. विम्याचं आहे, माझ्या हातात नाही."

"हातात नाही, तर मग सही पायाने केलीत का?"

खुर्चीवर पुढचं गिऱ्हाईक बसलं होतं, ते फिस्सकन हसलं. मी पैसे देऊन निघालो. संध्याकाळी पाहिलं तर नोटीस आरशासमोरच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलेली. दाढीला बसणाऱ्याला ती आरशात उलटी दिसायची. लोक उलटी अक्षरं लावत बसायचे आणि काका म्हणायचे, "मान हलवू नका. सुलटी वाचलीत तरी त्यात काही अर्थ नाही."

तरी त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही, हे मी लिहून ठेवतो. मुलीने तयार फेसाचा डबा आणून दिला. ती इस्पितळात परिचारिका आहे, बोलायला बापावर गेलेली. "बाबा, बटण दाबायचं, फेस येतो. गुडघे बघा तुमचे. किती दिवस त्या स्टोव्हशी वाकणार?"

काकांनी डबा दाबला, फेस वाटीत घेतला, वाटी ऊन पाण्यात धरली. दोन मिनिटांत फेस बसला. पाणी पाणी झाला.

"बघ," ते म्हणाले. "जरा ऊब लागली की रुसला. हा जावई झाला, फेस नव्हे."

"माझ्या नवऱ्याला मध्ये आणायचं नाही."

"आणला कुठे? तो पण असाच बसतो, एवढंच म्हटलं."

मग दहा डिसेंबर उजाडला आणि काकांनी खरोखर स्टोव्ह विझवला. रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहातून किटलीने ऊन पाणी आणायचं ठरवलं. गाळ्यातून दारापर्यंत, रस्ता ओलांडून, पाच पायऱ्या चढून आत, आणि तसंच परत. माणसागणिक एक खेप, असा बेत. किटली टॉवेलात गुंडाळायचे तरी येईपर्यंत पाणी कोमट व्हायचं. सुलट हाताला जेमतेम पुरायचं. उलट हाताच्या वेळी मनगटावर ठिपका लावून ते थांबायचे, खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, "बसा, आलो," आणि पुन्हा किटली उचलायचे. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसलेलं, दारात चार माणसं उभी. शनिवारी अठरा खेपा झाल्या. रविवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. गुडघा सुजला होता.

सोमवारी मी साडेसातला गेलो तर पडदाच नव्हता. पडद्याची दांडीसुद्धा काढलेली. स्टोव्ह पुढे, रस्त्याच्या काचेला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला. पेटवलेला. काच धुरकट.

"काका, निदान मागे तरी ठेवा."

"इतकी वर्षं मागे ठेवला म्हणून तुम्हाला वाटलं की चोरी आहे. बसा."

मी बसलो. मला उठायला हवं होतं, हे कबूल. पण दोन दिवसांच्या कोमट दाढ्यांचं ऐकून होतो, आणि वाटीतून वाफ येत होती.

सोळा तारखेला, गुरुवारी, अध्यक्ष आले. सोबत रखवालदार. मी खुर्चीत, गळ्याला कापड, सुलट हात नुकताच संपलेला. काका वाटीत ब्रश घोटत होते.

"बरं झालं, खजिनदार इथेच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "रखवालदार, तो स्टोव्ह उचला."

रखवालदार जागचा हलला नाही. तोही काकांकडेच दाढी करतो. "साहेब, गरम आहे," तो म्हणाला.

"मग विझवा!"

कुणीच विझवेना, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः वाकून वात खाली ओढली. स्टोव्ह फुसफुसला आणि गेला. काका ब्रश हातात धरून उभे. आवाज चढवला नाही त्यांनी.

"अध्यक्ष, तुमच्या दुकानात येऊन मी कुणाच्या डोळ्यावरचा चष्मा काढला तर?"

"हे नियमाचं काम आहे. लेखी आहे. इथे जाळ नाही, असं सोसायटीने बावीस नोव्हेंबरला लिहून दिलंय."

"कुणी लिहून दिलंय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. काका माझ्याकडे वळले. मी आरशात बघत होतो, तर तिथेही तेच माझ्याकडे बघत होते.

"साहेब, एकच सांगा. बावीस तारखेला सोमवार होता. तुम्ही सकाळी इथे होता. तेव्हा हा स्टोव्ह चालू होता की बंद होता?"

आयुष्यभर कचेरीत मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या. सुट्ट्या पैशाची चूक सापडली तरी लाल खूण केली. आठ महिन्यांनी निवृत्त होईन. गळ्याला कापड बांधलेल्या माणसाला मान फिरवायलाही जागा नसते.

"चालू होता," मी म्हणालो.

"मोठ्याने. अध्यक्षांना कमी ऐकू येतं."

"चालू होता. कागद खोटा आहे. मी केला."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" रखवालदार छताकडे बघत होता.

काकांनी मनगटावर ठिपका लावून पाहिला. मान हलवली, ब्रश धुतला, माझ्या गळ्याचं कापड सोडलं. "गार झाला. आता नाही." मी एका हाताच्या दाढीने कचेरीत गेलो.

त्याच दुपारी मी विमा कंपनीला पत्र लिहिलं आणि जे होतं ते कळवलं. यात 'उपरोक्त' कुठेही घातलं नाही. चार दिवसांत उत्तर आलं: स्टोव्हखाली पत्रा ठेवावा, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं लावावं, सूट रद्द, फरक भरावा. एवढंच. हे मी नोव्हेंबरात विचारलं असतं तर नोव्हेंबरात कळलं असतं.

सव्वीस तारखेला सभा झाली, चोवीस घरं हजर. अध्यक्ष म्हणाले, फरक नऊ नंबरने भरावा आणि गाळा सोडावा. काकांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, गुडघ्याला पट्टी बांधलेली.

"पत्रा मी आणलाय. नळकांडंही आणलंय. माझ्या पैशाने. सूट तुमची होती, मी मागितली नव्हती, तेव्हा ती भरणार नाही. आणि स्टोव्ह काढणार नाही. करार करायचा तर स्टोव्हसकट करा. नसेल करायचा तर आत्ता सांगा, मी उद्या समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकतो. तिथेही वाटी ऊनच असेल."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आम्ही दाढीला कुठे जायचं?"

"फुटपाथवर," काका म्हणाले. "रांगेत."

हात वर करून मतं घेतली. करार पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने तेरा, विरुद्ध आठ, तिघांनी हात वर केले नाहीत. स्टोव्ह करारात नोंदवला गेला. दुसऱ्या ठरावाने मला खजिनदारपदावरून काढलं. त्याला विरोध कुणी केला नाही, मीही नाही. फरकाचे तीन हजार सहाशे मी भरले. काकांनी त्याबद्दल आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं.

आता स्टोव्ह काचेशी असतो, पत्र्यावर. मी सोमवारी आणि गुरुवारी साडेसातला जातो. दोन्ही हात ऊन होतात.

सोळा डिसेंबरच्या दाढीचे साठ रुपये तेवढे राहिलेत. मी तीनदा पुढे केले. काका म्हणतात, अर्ध्या दाढीचे पूर्ण पैसे घेत नाही, आणि अर्धे पैसे कधी घेतले नाहीत. मी त्यांचे साठ रुपये देणं लागतो.