लाल उजेडातला रुमाल

ऑरिन पंपदुरुस्ती करून पोट भरायचा, पण जीव सगळा आभाळात. पश्चिम टेक्सासच्या माळावर अमावास्येच्या सुमारास तो नक्षत्रांचे फोटो काढायला निघायचा, आणि बायको नेल्डा घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन मागोमाग. "सवतीच्या लाडासाठी मीच थंडीत कुडकुडायचं," असं ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, आणि पहिला कप त्यालाच द्यायची.

त्या माळावर पांढरा उजेड म्हणजे महापाप. अंधाराला सरावलेले डोळे एका बॅटरीने मातीमोल होतात. म्हणून तिथे जमणाऱ्या सगळ्या हौशी फोटोवाल्यांच्या कपाळावर लाल दिवे. ऑरिन तर इतका कडक की घरातही संध्याकाळनंतर लाल बल्बच. नवख्यांना तो दटावायचा, "नकाशावर लाल पेनाने खुणा करू नका रे. लाल उजेडात लाल दिसत नाही!"

हिवाळ्यात तो मृग नक्षत्र टिपत असताना नेल्डाला खोकल्याची उबळ आली. "तोंडाला लोखंडासारखी चव येतेय. बघ बरं," म्हणत तिने कागदी रुमाल पुढे केला.

ऑरिनने कपाळावरचा दिवा त्यावर धरला. "स्वच्छ आहे गं. धूळ गेली असेल घशात."

खोकला रात्रीच उसळायचा. दर वेळी ती रुमाल दाखवायची, तो नीट बघायचा आणि मग ती तो कचऱ्याच्या पिशवीत टाकायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी वृश्चिक उगवायला लागेपर्यंत हे असंच चाललं. मग एका सकाळी भर उन्हात खुर्चीची घडी घालताना खाचेत अडकलेला एक रुमाल त्याच्या हाती आला. त्यावर वाळलेलं रक्त होतं. तो तसाच नेल्डाला गाडीत घालून डॉक्टरांकडे निघाला.

फुप्फुसं तपासून डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात."

ऑरिनने घरातले सगळे लाल बल्ब काढून पांढरे लावले. कॅमेरा माळ्यावर टाकला. स्वतःला शिव्या घालून त्याची जीभ थकली. नेल्डाने मात्र एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

एका संध्याकाळी ती अंथरुणातून म्हणाली, "तो लाल दिवा लाव ना रे. या पांढऱ्या उजेडात मी मेल्यासारखी दिसते."

त्याने जुना बल्ब शोधून लावला. तिचा चेहरा खरंच उजळला. मग उबळ आली, बराच वेळ थांबली नाही. तिने रुमाल पुढे केला.

"बघ. स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे," ऑरिन म्हणाला.