आईची गाडी चार्जिंगला लावली की

इलेक्ट्रिक गाडी घरात आली की सगळ्यात जास्त काय साठतं, हे दुकानदार सांगत नाही. किस्से साठतात! आमच्या स्कूटरची बॅटरी भरायला चार तास लागतात, आणि आईचा नियम असा की चार्जिंग चालू असताना जवळ जागं माणूस पाहिजे. आता जागं माणूस चार तास गप्प बसून राहील, असं आमच्या निरगुडसरात तरी घडत नाही. जाणारा-येणारा टेकतो, चहा होतो, सल्ले होतात.

मी बहुतेक वेळा वही घेऊन तिथेच असते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी आहे हे लोक विसरतात. माझा त्यात फायदाच होतो.

गाडी घ्यायचं कारण सरळ होतं. आईला मंचरच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम मिळालं. साडेआठला तिथे खुर्चीवर बसलेलं असायला लागतं. सकाळची एसटी त्यानंतर पोचते आणि पप्पांची दूध घालायची वेळ तीच. म्हणजे गाडी असेल तर नोकरी, नाहीतर नाही. पण आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मोबाइलवर कुठेतरी पेटलेल्या गाडीचा व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी ओसरीवरून जाहीर केलं, "माझ्या घरात धूर दिसला, की त्या दिवशी गाडी दाराबाहेर!"

आबांचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. पप्पासुद्धा नाही. पप्पा फक्त विसरतात.

* * *

गाडी आली त्या दिवशी शेजारच्या मंदाकाकू ताट घेऊन हजर. हळद, कुंकू, अक्षता, तांब्याभर पाणी. काकूंनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि थांबल्या.

"वैशे, हिचं इंजिन कुठंय गं?"

"इंजिन नसतं काकू, बॅटरी असते. सीटखाली."

"मग सीट उघड की! जे चालवतं त्याला कुंकू न्हाई आन् पत्र्याला लावायचं व्हय?"

आईने सीट उघडली. काकूंनी बॅटरीकडे बघून हात जोडले आणि तांब्यात बोटं बुडवली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने पप्पा नारळ घेऊन आले आणि नेमके चार्जिंगच्या भोकावरच तो फोडायला वाकले. आई एका हाताने सीट दाबून धरतेय, दुसऱ्या हाताचा तळवा त्या भोकावर!

"अहो, पाणी जाईल आत!"

"नारळाचं हाय, देवाचं पाणी ते," काकू म्हणाल्या.

"देवाचं असलं तरी शॉर्टच करतं काकू!"

शेवटी हेडलाइटला कुंकू लागलं आणि नारळ अंगणातल्या दगडावर फुटला. काकू घरी जाताना मला हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला दवाखान्यातलं काम मिळालं तवापास्नं लई शिकली बघ ती."

* * *

बॅटरी काढून घरात नेता येते. दहा किलो तांदळाच्या पिशवीएवढी असेल. पण ठेवायची कुठे? पप्पा ती हातात धरून घरभर फिरत होते, मागून आबा.

"देवघरात ठेवा," काकू खिडकीतून म्हणाल्या. "देव राखील."

"तिथे निरांजन असतं," आई म्हणाली.

"मग गोठ्यात?" पप्पा.

"कडबा काय लोखंडाचा हाय का?" आबा.

"कांद्याच्या बराखीत ठेवू. वारं चांगलं लागतं."

आबांनी बराखीकडे नुसतं पाहिलं. कांदे साठवायची आमची बराखी वाळक्या काठ्यांची आणि उसाच्या पाचटाची आहे. पप्पांना ते तेव्हा आठवलं.

पप्पांचे हात भरून आले होते. त्यांनी बॅटरी दारातल्या फरशीवर टेकवली. "झालं! हितं फरशी हाय, बाजूला काय न्हाई, बोर्ड जवळ हाय. हितंच राहू द्या."

आबा उंबऱ्यावर उभे राहिले. एकदा बॅटरीकडे, एकदा घराकडे बघितलं. "आन् पेटली तर आपण आत, ती दारात. बाहेर कुठनं पडायचं? कौलातनं?"

पप्पांनी बॅटरी परत उचलली. पुढे हे कळंबच्या सलीमचाचांना सांगितलं. ते आमच्याकडचं सगळं विजेचं काम करतात. चाचा म्हणाले, "इतकी वर्षं वायरिंग करतोय, हा सवाल मला कुणी इचारला न्हाई. आबा, तुमी इंजिनिअर व्हायचं व्हतं!"

आबा लाजले. मी त्यांना लाजताना प्रथमच पाहिलं. बॅटरीची जागा मात्र ठरली: बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शहाबादी फरशीवर, घरापासून आठ पावलं. पावलं आबांनी मोजली.

* * *

सलीमचाचा आमच्याकडे पहिल्यांदा या कामासाठी आले त्याचं कारण पप्पांची वायर. गणपतीच्या लायटिंगची, बारीक, तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली वायर पप्पांनी स्वयंपाकघरातून शेडपर्यंत ओढली होती. त्याच बोर्डावर फ्रिज आणि मिक्सर.

चाचांनी आल्या आल्या वायर दोन बोटांत धरली आणि लगेच सोडली.

"वहिनी, चहा करताय ना?"

"हो, ठेवतेच आता."

"गॅस नका पेटवू. पातेलं ह्या वायरीवर ठिवा, उकळी येतीय!"

पप्पा त्या दिवशी बिनसाखरेचा चहा प्यायले आणि त्यांना कळलं नाही.

चाचांनी मीटरपासून वेगळी जाड वायर आणली, मोठं सॉकेट बसवलं आणि जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका लावला. मग म्हणाले, अर्थिंग नवं करायला पाहिजे. शेडमागे खड्डा खणला. त्यात सळई उभी केली आणि आईकडे मीठ आणि कोळसा मागितला.

मंदाकाकू कुंपणापलीकडून बघत होत्या. खड्डा, मीठ, कोळसा. त्या आत गेल्या आणि मुठीत काहीतरी घेऊन धावत आल्या.

"आवं सलीमभाऊ, मिरच्या राहिल्या की! सात हायेत, देठासकट. दृष्ट काय नुसत्या मिठानं निघती व्हय?"

चाचांनी काकूंकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि सातही मिरच्या मोजून सळईच्या भोवती नीट मांडल्या.

काकू गेल्यावर आईने विचारलं, "चाचा, मिरच्यांचा काही उपयोग असतो का हो?"

"अर्थिंगला न्हाई वहिनी. पण आता काकू ह्या सॉकेटला वल्ला हात लावणार न्हाईत. मंतरलेलं हाय ना!"

आणि खरंच, आजतागायत लावलेला नाही.

* * *

गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की लांबून आल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, आधी थंड होऊ द्यावी. आईने ते पप्पांना तीनदा वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, "पुस्तकात काय, काहीबी लिहित्यात."

आबा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. "दत्त्या, बैल रानातनं तापून आला, धापा टाकतोय. लगेच पाणी दावतो का आपण?"

"न्हाई."

"का?"

"त्रास व्हतो त्याला."

"मग ही काय येगळी हाय? बसू दे तिला अर्धा घंटा."

पुस्तकाने झालं नाही ते बैलाने केलं! त्या दिवसापासून आबा रोज संध्याकाळी बॅटरीवर तळवा ठेवून बघू लागले, मला ताप आल्यावर कपाळावर ठेवायचे तसा. "अजून कोमट हाय," असं म्हणून परत जायचे.

पण बैलाचं शास्त्र त्यांनी जरा पुढे नेलं. उन्हाळ्यातली गोष्ट. मी शेडमध्ये आले तर आबा बादलीत गोणपाट भिजवत होते. चांगलं पिळलंसुद्धा नव्हतं. मी एवढंच म्हणू शकले, "आबा, नको." ते त्यांना ऐकू गेलं नाही. सुदैवाने आई मागून आली आणि तिचा "आबाऽऽ!" कळंबपर्यंत गेला असेल.

आबा रुसले. "बैलाला उन्हाळ्यात पाणी वततो का न्हाई आपण?" एवढंच परत परत म्हणत राहिले. शेवटी सलीमचाचांना फोन लावून द्यावा लागला. फोनवर चाचा म्हणाले, "आबा, बैल झटकून टाकतो पाणी. हिला झटकता येत न्हाई."

हे आबांना पटलं. गोणपाट म्हशीच्या पाठीवर गेलं.

* * *

मग तो दिवस आला, ज्याला मी घाबरत होते.

चार्जरची वायर उंदराने कुरतडली. चाचांनी बजावलं, "चिकटपट्टी मारायची न्हाई, नवा चार्जर घ्या, ह्याच बॅटरीचा." दुकानातून निरोप आला, आठवडा लागेल. पप्पा दुसऱ्याच दिवशी दुपारी हसत घरी आले. कुणा मित्राच्या गाडीचा चार्जर त्यांनी मागून आणला होता.

"हा आपला नाही," आई म्हणाली.

"पीन बसतीय की! पीन बसली म्हणजे झालं!"

पीन बसली. दहा मिनिटांनी जळका वास आला. चार्जर आतून चरचरला आणि त्याच्या जाळीतून पांढरा धूर निघाला. आईने शिकवल्याप्रमाणे मी चार्जरला हात न लावता भिंतीवरचा खटका खाली ओढला. धूर थांबला. पण आबा ओसरीवर उभे होते. त्यांनी तो पाहिला होता.

ते वळले आणि घरात गेले.

चाचा येऊन बॅटरीला मीटर लावून तपासून गेले. बॅटरीला काही झालं नव्हतं, फक्त तो परका चार्जर जळाला होता. हे त्यांनी आबांना दोनदा सांगितलं. आबांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. त्या संध्याकाळी आईने दवाखान्यातला निळा कोट धुतला, इस्त्री केला आणि घडी करून कपाटात ठेवला. रोजच्यासारखा खुंटीवर लावला नाही.

सकाळी पप्पांनी त्या दिवसापुरतं दूध दुसऱ्याकडे दिलं, आईला कोट परत काढायला लावला आणि मोटारसायकलवरून तिला मंचरला सोडून आले. ते परत येईपर्यंत मी शेडमध्ये गेले होते. गाडी जागेवर होती. सीट उघडी. बॅटरी नव्हती. आबाही नव्हते.

"पप्पा," मी म्हणाले, "बॅटरी नाही."

आबांनी ती विहिरीत टाकली असणार म्हणून पप्पा पळतच विहिरीवर गेले आणि काठावर पालथे पडून आत बघू लागले. मीही बघितलं. पाण्यात आमची दोघांची तोंडं दिसली, बाकी काही नाही.

दुपारी मंदाकाकू बाजार करून आल्या. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच हसायला लागल्या. सकाळच्या एसटीत आबा त्यांच्या पुढच्याच सीटवर होते.

खिडकीशी बसलेले, धुतलेलं धोतर, टोपी, आणि मांडीवर खताच्या गोणीची शिवलेली पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापाशी आला.

"बाबा, खाली ठिवा की ती पिशवी."

"खाली न्हाई. हादरं बसत्यात."

"असं हाय काय त्यात?"

"बॅटरी. मंचरला दुकानात दाखवायचीय. हिच्या मापाचा चार्जर घेतल्याबिगार मी उठणार न्हाई तिथनं."

कंडक्टर एक पाऊल मागे सरकला. "आन् पेटली-बिटली तर?"

"तुझ्या ह्या गाडीच्या टाकीत काय पाणी भरलंय व्हय रं?"

सगळी एसटी हसली. कंडक्टरही हसला, पण त्याने मशीन पुढे धरलं. "बरं बाबा. सामानाचं तिकीट लागंल. काय सामान म्हणून टाकू?"

आबांनी पिशवी पोटाशी ओढून घेतली.

"सुनेची नोकरी," ते म्हणाले. "टाक."