दांडीखालची चकती

त्याचा धंदा मशीनदुरुस्तीचा, पण व्हिडिओ गेमच्या हॉलमध्ये त्याला सगळे ‘भाग एक’ म्हणत. ‘भाग एकला बोलवा, बटण अडकलंय.’ ‘भाग एक जेवायला गेलेत.’ बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, “तुमच्या त्या भाग एकपणाला मी कंटाळलेय.”

याला कारण ठोसेबाजी. त्या खेळाचं खरं नाव परदेशी आणि इतकं लांब होतं की ते वाचेपर्यंत पहिली फेरी संपायची, म्हणून हॉलमध्ये त्याला नुसतं ठोसेबाजी म्हणत. त्याचे एकूण सहा भाग निघाले आणि सहाही मशीन तिथे ओळीने उभी होती. पहिल्या मशीनसमोर कुणी नवखा उभा राहिला रे राहिला, की हे गृहस्थ स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून हजर.

“पुढच्या भागांची सवय झालीय ना? विसरा.”

आणि प्रवचन सुरू. पहिल्या भागात लढवय्या एकच. समोर दुसरा खेळाडू आला तर त्याला तोच माणूस निळी विजार घालून मिळे. पुढे आठ झाले, मग सोळा, मग इतके की निवडता निवडता भूक लागावी. पहिल्या भागात पडलेल्यालाही मारता येई, पुढे ती सोय काढून टाकली. पहिल्या भागात तिरकी उडी नाही. सज्जन माणसासारखं सरळ वर जायचं, सरळ खाली यायचं. आणि मुख्य म्हणजे वीजठोसा! दांडी खाली, तिथून तिरकी, मग पुढे आणि बटण. पुढच्या भागांत तो शेंबडं पोरही काढतं. पहिल्या भागात महिन्यातून एकदा निघाला तरी पेढे वाटावेत.

“तो मागून मिळत नाही,” तो आवाज खाली आणून सांगे. “यायचा असेल तेव्हा येतो.”

न्हावी, शिंपी आणि चष्मेवाला ही दुपारची ठरलेली मंडळी माना डोलवत. कुणी मोबाइलवर पहिल्या भागातला लढवय्या बेडकासारखा तिरका उडताना दाखवला, तर तो पडद्याकडे एक डोळा टाकून म्हणे, “ही कुणीतरी बदललेली प्रत आहे.” विषय संपला.

पहिल्या भागात तिरकी उडी नाही, या एका वाक्यावर त्याने भाऊ घालवला होता.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील लवकर गेले, धाकट्याला यानेच वाढवलं. धाकटा एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा मालक त्याला हॉलच्या काउंटरवर घेणार होते, सोमवारपासून यायचं ठरलंही होतं. त्याच आठवड्यात तो एका परगावी जाऊन आला. तिथल्या एका खानावळीत ठोसेबाजीचा पहिला भाग होता. परत आल्यावर भर हॉलमध्ये त्याने आरोळी ठोकली, “दादा, मी लागोपाठ तीन वीजठोसे काढले! आणि तिरकी उडीही मारली!”

हॉल हसला. दादा हसला नाही. “थापा मारू नकोस.”

“शपथ! चल माझ्याबरोबर, दाखवतो.”

“हे मशीन मी माझ्या हाताने उभं केलंय. मला शिकवतोस? इतका खोटारडा कधी झालास रे?”

शब्द मोठ्याने गेला. मालकांच्या कानावर गेला. सोमवारी त्यांनी धाकट्याला दारातूनच परत पाठवलं. सख्खा भाऊ ज्याला खोटारडा म्हणतो त्याच्या हाती गल्ला कसा देऊ, म्हणाले. दादाने एक शब्द मागे घेतला असता तर काम झालं असतं. त्याने घेतला नाही. महिन्याभरात धाकटा दुसऱ्या गावी गेला, फ्रिज दुरुस्त करायला शिकला, लग्न केलं, मुलं झाली. दोघे भाऊ भेटत ते कुणी गेलं तरच, आणि तेव्हाही हवापाण्याचं बोलत.

परवा सकाळी पहिल्या मशीनची दांडी अडकली. मंडळी यायला बराच वेळ होता. ‘माझी दांडी कधी बिघडतच नाही’ या तोऱ्यात त्याने इतकी वर्षं वरून तेल सोडण्यापलीकडे तिला हात लावला नव्हता. आता दांडीची नि बटणांची फळी उचलावीच लागली. आत धूळ, एक मेलेली पाल आणि एक हरवलेली कंगवी, बहुधा न्हाव्याची. आणि दांडीच्या बुडाशी ती प्लास्टिकची चकती.

चकतीच्या मधोमध भोक असतं. एका बाजूने बसवली की दांडी वर-खाली, डावी-उजवी एवढीच जाते. फिरवून बसवली की तिरकीही जाते. मशीन आलं तेव्हा त्याची दांडी मोडलेली होती, आणि त्याने भुलभुलैया नावाच्या खेळाच्या एका जुन्या मशीनची काढून बसवली होती. भुलभुलैयात तिरकं जायची गरजच नसते. चकती त्याने फिरवली नव्हती. महिन्यातून एकदा दांडी चुकून कोपऱ्यात घसरे, तेवढाच वीजठोसा.

तो फळीपाशी उकिडवा बसला. मग चार स्क्रू काढले, चकती फिरवली, स्क्रू आवळले, मशीन चालू केलं. लढवय्या तिरका उडाला. अगदी बेडकासारखा. खाली, तिरकी, पुढे, बटण: वीजठोसा. परत केलं, परत वीजठोसा. तिसऱ्यांदा करायला त्याचा हात धजेना. मग केलंच. निघाला.

दुपारी घरी जेवायला बसला तर ताटात बोटाने खाली, तिरकं, पुढे करत राहिला. बायकोने विचारलं, तेव्हा त्याने चकतीपासून सुरुवात केली.

“अहो, मला चकती-बिकती कळत नाही. भावजी खरं बोलत होते, असंच ना?”

“तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर...”

“तांत्रिकदृष्ट्या गेलं चुलीत. उचला फोन.”

फोन लागला. मागे कसला तरी कॉम्प्रेसर घुरघुरत होता.

“दादा? कोण गेलं?” धाकट्याने घाबरून विचारलं.

“कुणी नाही. ते... पहिल्या भागाची दांडी उघडली आज. खाली एक चकती असते बघ. ती चार दिशांवर राहिली होती, माझ्याकडूनच. म्हणून तिरकी...”

तो बोलत राहिला. पलीकडचा कॉम्प्रेसर बंद झाला.

“म्हणजे चकती सापडली म्हणून मी खरा झालो,” धाकटा म्हणाला.

“अरे, तसं नाही...”

“आणि सापडली नसती तर?”

‘नसती सापडली तरी’ एवढं वाक्य त्याच्या मनात जुळलं, पण पुढचं खोटं झालं असतं, आणि ते दोघांनाही कळलं असतं.

“मी चल म्हणालो होतो ना रे. दोन तासांची बस होती.” धाकट्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. “मला आता काही नको. मालकांना मात्र सांग. सगळ्यांसमोर म्हणाला होतास.”

चार वाजता तो हॉलमध्ये गेला तेव्हा मंडळी जमली होती. मालक सत्तरी ओलांडून काउंटरमागे पेंगत होते. याने पहिल्या मशीनपाशी उभं राहून घसा खाकरला.

“ऐका. पहिल्या भागात तिरकी उडी आहे. वीजठोसाही सहज येतो. चूक माझी होती, चकती उलटी बसली होती.”

“काहीतरीच!” न्हावी म्हणाला. “चोवीस वर्षं मी इथे घाम गाळतोय. सहज येत असता तर मला आला नसता?”

त्याने दांडी फिरवून ठोसा काढून दाखवला.

चष्मेवाला खाली वाकून पडद्याकडे बघत राहिला. “बदललंस तू हे,” तो म्हणाला. “आतलं पुढच्या भागाचं घातलंस.”

“अरे, शपथ! चकती फिरवली फक्त. या, उघडून दाखवतो.”

“आम्हाला काय कळतंय आतलं,” शिंपी म्हणाला. “तू दाखवशील ते बघायचं. भाग एक, वय झालं तुझं. आधीसारखं कर बाबा, तेच बरं होतं.”

तिघेही हसले, कसलाही राग न ठेवता, घरच्यासारखे. त्यांना सोडून तो काउंटरपाशी गेला आणि मालकांच्या हाताला हात लावून त्यांना जागं केलं.

“मालक, माझा भाऊ खरं बोलत होता.”

मालकांनी डोळे चोळले. “कोण भाऊ? तुला भाऊ आहे?”

“धाकटा. तुम्ही काउंटरवर घेणार होता.”

“मी? आठवत नाही बुवा. मग का नाही घेतला?”

न्हाव्याचं हसणं थांबलं. शिंपी खेळता खेळता मागे वळला आणि पडद्यावर त्याचा माणूस निमूट मार खात राहिला. कुणालाच काही आठवत नव्हतं. धाकट्याला खरं ठरवायचं, तर आधी त्याला पुन्हा एकदा या सगळ्यांसमोर खोटारडा म्हणावं लागणार होतं, जसं तेव्हा म्हटलं होतं तसं, मोठ्याने.

त्याने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून काउंटरवर ठेवला.

“मी सांगतो का नाही घेतला ते,” तो म्हणाला. “बसा सगळे.”