न लावलेलं शुद्धिपत्रक

आमच्या कंपनीच्या नोटीस बोर्डाला काच आहे, काचेला छोटं कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. बोर्ड कॅन्टीनच्या दाराशी आहे. सुट्ट्यांची यादी, बसच्या वेळा, कुणी गेलं तर श्रद्धांजली, सगळं माझ्याच हातून तिथं लागतं. साहेब इंग्रजीत देतात, मी मराठी करतो. बारावीचं इंग्रजी आणि बरं अक्षर एवढ्यावर मला हे काम मिळालं. त्याआधी चाकणच्या याच शेडमध्ये मी लाइनवर होतो, मोटारीच्या दाराची कुलपं जोडायला.

लाइनवर माझ्या शेजारी उभा राहायचा तो लातूरकडचा होता. रहाटणीला आम्ही चौघं एका खोलीत राहायचो, त्यातला तो एक. स्वयंपाकाच्या पाळ्या असत. माझी पाळी आली की कणीक तोच मळायचा, कारण माझ्या पोळ्या, त्याच्या भाषेत, गॅस्केट म्हणून बसवण्याजोग्या होत. पुढं लग्नं झाली, खोली सुटली. मी ऑफिसात गेलो, तो युनियनचा चिटणीस झाला. लाइनवरचे काही जण मला साहेबाचा माणूस म्हणायला लागले. तो म्हणायचा, "असू द्या की. आपला एक माणूस हाय तितं."

युनियनचे अध्यक्ष कंपनीच्या मागच्याच गावचे. वयानं मोठे, कमी बोलणारे. मॅनेजमेंटसमोर बसले की पाच मिनिटं नुसते चहाच्या कपाकडे बघायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे, "आमची पोरं कायम करा, बाकी मागनं बघू." पोरं म्हणजे चाळीसेक कंत्राटी कामगार. माझा मित्र कायद्याची पुस्तकं वाचून मुद्दे काढायचा, अध्यक्ष ते गिळून बसायचे आणि योग्य वेळी एकेक बाहेर काढायचे. चांगली जोडी होती. मित्र त्यांना दादा म्हणायचा, आणि दिवाळीला गावी गेला नाही तर फराळाला त्यांच्याच घरी असायचा.

हे सगळं त्या काळातलं, जेव्हा इंग्लंड युरोपातून बाहेर पडायच्या वाटाघाटी करत होतं. आमची मूळ कंपनी तिथली. त्यामुळे चाकणमध्ये बसून आम्हाला त्या भांडणाची झळ लागत होती. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असे. मी टिपणं घ्यायला बसायचो. तिकडून दोघं असायचे, स्टोअरचे एक म्हातारे गृहस्थ आणि प्लॅनिंगच्या बाई. म्हाताऱ्यांनी बाहेर पडायला मत दिलं होतं, बाईंनी राहायला. दोघं एकाच टेबलाला बसून एकमेकांशी बोलत नसत. "त्यांना सांगा, पेट्या मंगळवारी निघतील," असं म्हातारे मला सांगायचे आणि बाई त्यांच्या कोपरापाशी बसलेल्या असायच्या. करार झाला तर काय, न झाला तर काय, बंदरात माल अडकला तर काय, यावर तिथलं कुणाचंच एकमत नव्हतं. मला तेव्हा गंमत वाटायची.

कॅन्टीनच्या टीव्हीवरही तेच. गोरे लोक सभागृहात एकमेकांवर ओरडताहेत आणि आमच्याकडे वरणभात कालवताना त्यावर चर्चा.

"सोडायचं ठरलं ना, मग सोडा की राव. एवढा काय घोळ?"

"तुझं काय जातंय? लग्न मोडायला बी कोर्टात वर्सं जात्यात."

"आन् ह्यांनीच आपल्याला सोडताना किती वेळ लावला, ते इचार की आधी."

सगळे हसले होते. अध्यक्षसुद्धा.

एके दिवशी दुपारी साहेबांनी मला एक कागद दिला. तीनच्या आत बोर्डावर पाहिजे, साडेतीनला शिफ्ट सुटते. मुख्य ऑफिसकडून आलेली चार ओळींची सूचना. युनियनमधून बाहेर पडण्याच्या वाटाघाटींत अनिश्चितता आहे, तेव्हा करार होईपर्यंत कुणाला कायम करू नये. बस. कुठली युनियन, कुठला देश, काही नाही. तिकडे लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं जगात युनियन एकच होती.

आमच्याही दृष्टीनं एकच होती.

इंग्रजीत त्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं. ते पाहून मला कळलं, की ही युरोपची युनियन. पण आपल्याकडे अक्षरं लहानमोठी नसतात. पेपरात 'युरोपीय महासंघ' छापून यायचं, ते मी रोज वाचत होतो. त्या दिवशी हात घाईत होता. मी लिहिलं: "युनियनमधून बाहेर पडण्याबाबत सुरू असलेल्या वाटाघाटींतील अनिश्चितता लक्षात घेता, करार पूर्ण होईपर्यंत कंत्राटी कामगारांना कायम करण्याची प्रक्रिया स्थगित ठेवण्यात येत आहे." काच लावली, कुलूप घातलं.

बाहेरच्या वाचकाला यात काय बिघडलं ते सांगावं लागेल. आमच्या पट्ट्यात वाटाघाटी म्हणजे युनियनच्या कमिटीनं मॅनेजमेंटशी बसणं. करार म्हणजे पगाराचा करार. आणि युनियन म्हणजे युनियन. आमची युनियन बाहेरच्या मोठ्या कामगार संघटनेला जोडलेली होती. ती सोडायची आणि कंपनीच्या मर्जीतली अंतर्गत युनियन काढायची, असं कमिटीतलं कुणीतरी आतून ठरवतंय, ही कुजबूज आधीपासून होतीच. आता ती कंपनीच्या शिक्क्यानिशी बोर्डावर लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्येच माझ्या कानावर आलं. "कमिटी मॅनेज झाली. पोरांचा बळी देऊन युनियन सोडायल्यात." मी जाऊन आधी शुद्धिपत्रक टाइप केलं. "कालच्या सूचनेतील 'युनियन' हा शब्द 'युरोपीय महासंघ' असा वाचावा. आपल्या कामगार संघटनेशी त्याचा संबंध नाही." खाली तारीख घातली. प्रिंट काढून साहेबांकडे सहीला नेलं.

साहेबांनी वाचलं, मग खुर्चीत मागं रेलून हसले. "अरे, कमिटीत फूट तर परस्परच पडली. राहू दे दोन दिवस."

"सर, गैरसमज होतोय."

"आपण खोटं लिहिलंय का? नाही ना? मग." आणि थोडं थांबून म्हणाले, "चूक तुझी आहे, हे वर कळवायचं का मी? का तू परत लाइनवर जातोस?"

धमकी तेवढीच. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की माझा नाइलाज होता. तसा नव्हता. किल्ली माझ्या खिशात होती. सहीशिवायही कागद लावता आला असता. तोही नको, कॅन्टीनमध्ये उभं राहून एक वाक्य बोललो असतो तरी भागलं असतं. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझा मित्र टेबलापाशी आला. घाम पुसत, उभ्याउभ्याच.

"काय लिहायलास बा तू हे? कुठली युनियन?"

मी म्हणालो, "साहेबांनी दिलं तसं लिहिलं."

"मूळ इंग्रजी दाखव की."

"ते साहेबांकडे असतं." ते माझ्याच ड्रॉवरमध्ये, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं यानं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "तू लिहिलास म्हंजे बरोबरच असंल. मी तर कुठं वाटाघाटीला बसलो न्हाई. मग राहिलं कोण? दादाच." आणि खाली मान घालून गेला.

त्याचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्याचा दादांवरचा गेला. हे मी तेव्हाच समजलो होतो. नंतर उमगलं, असं म्हणायची सोय मला नाही.

चार दिवसांनी गेटसभा झाली. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टची माणसं, गेटबाहेर, उन्हात. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, तिथून आवाज येत होता. आधी लोकांनी दोघांनाही धारेवर धरलं. मग माझ्या मित्रानं माइक घेतला आणि म्हणाला, की मी कुठल्याही वाटाघाटीला बसलेलो नाही, पोरीची शपथ. कंपनीच्या गावचा कोण आहे, कंपनीच्या मागच्या दारानं कुणाला जाता येतं, ते तुम्हीच बघा. अध्यक्षांचं नाव त्यानं घेतलं नाही. गरजच नव्हती.

अध्यक्षांचा आवाज मला नीट ऐकू आला. "मी न्हाई केली बोलणी. मला म्हाईतच न्हाई ही नोटीस कशाबद्दल हाय." एवढंच. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. मॅनेजमेंटसमोर गप्प बसणं ही त्यांची ताकद होती, आणि त्या दिवशी लोकांना तोच पुरावा वाटला. कुणीतरी ओरडलं, "विकलेला माणूस असाच बोलतो." हशा झाला.

मी जिन्यातून वर गेलो आणि बसच्या वेळांचा तक्ता नीट करत बसलो.

कमिटी फुटली. पोरं कायम झाली नाहीत, पुढच्या वर्षी बरीचशी दुसरीकडे पांगली. अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि कामाला येत राहिले, डबा घेऊन एकटे झाडाखाली बसायचे. माझ्या मित्राला निवडणुकीत कुणी विचारलं नाही, कारण ज्यानं दादांना सोडलं तो आपल्याला काय धरणार, असं लोक म्हणू लागले. त्यानं कंपनी सोडली. मारुंजीला राहायला गेला आणि आयटीवाल्यांची ने-आण करणारी गाडी चालवू लागला. ते दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

इंग्लंड बाहेर पडलं. करार झाला. आमच्या पेट्या पहिल्यासारख्या जायला लागल्या, फक्त कागद वाढले. पुढं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अध्यक्ष गेले. श्रद्धांजली मीच टाइप केली. 'युनियनचे एकनिष्ठ माजी अध्यक्ष' असं लिहिलं. दोघं जण वाचत उभे होते. एक म्हणाला, "एकनिष्ठ कुणाशी रे भावा? कंपनीशी का?" किल्ली माझ्या हातात होती. तेव्हाही मी बोललो नाही.

यंदा बोर्ड काढून तिथं स्क्रीन बसवायचं ठरलं. ड्रॉवर रिकामा करताना तळाशी दोन्ही कागद निघाले, मूळ इंग्रजी आणि माझं शुद्धिपत्रक. एका रविवारी सकाळी मी ते घेऊन मारुंजीला गेलो. मित्र इमारतीखाली गाडी धूत होता.

"ये ये. पत्रिका आणलास का काय? पोरीचं जमलं?"

"पत्रिका नाही," मी म्हणालो आणि कागद पुढं केले.

त्यानं हात पँटला पुसले. मराठी आधी वाचलं. मग इंग्रजी, बोट ठेवत. मी सगळं सांगितलं. साहेबांचं, ड्रॉवरचं, त्या वेळच्या खोट्याचं. पाइपातलं पाणी वाहत गेलं, ते बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"ही तारीख खरी हाय?"

"हो."

"म्हंजे सभेच्या आधी."

"चार दिवस."

"तुला विचारलतं मी. तुझ्या टेबलाला येऊन विचारलतं."

मी मान हलवली. मला वाटत होतं, हा शिव्या देईल, एक ठेवून देईल. त्यासाठीच मी आलो होतो बहुतेक. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मग मी दादाला उगाच बोललो." तेव्हा मला कळलं, की माझ्या खांद्यावरचं मी काय काढलं आणि कुणाच्या खांद्यावर ठेवलं.

त्यानं गाडी अर्धीच धुतली होती. तसाच आत बसला. "बस. त्यांच्या घरी जायचं. तू वाचायचं."

आम्ही चाकणला आलो. अध्यक्षांच्या घरी त्यांच्या पत्नी ओसरीवर शेंगा निवडत होत्या. मित्राला पाहून उठल्या, पदर सावरला. इतक्या वर्षांनी तो तिथं येत होता, तरी त्यांनी आधी पाणी आणून दिलं.

"वैनी, हा काय वाचतोय ते ऐका."

मी वाचलं. आधी बोर्डावर लागलेलं, जे मला पाठच होतं, मग हातातलं न लागलेलं. युरोपीय महासंघ म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं, ते मी सांगितलं. चूक माझी, गप्प बसलो तोही मीच, हेही सांगितलं.

त्यांनी सुपातली एक शेंग उचलली आणि परत टाकली.

"म्हंजे हे म्हनत हुते ते खरंच हुतं."

"व्हय वैनी," मित्र म्हणाला.

"मला रोज सांगायचे. जेवताना सांगायचे. मी न्हाई केली, मी न्हाई केली." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी म्हनायची, बरं बरं, जेवा आता. मला वाटायचं, केलंच आसंल काहीतरी. उगं एवढी मानसं कशी बोलतील."

त्यांनी चहा ठेवला. आम्ही तो प्यायलो. निघताना त्यांनी शुद्धिपत्रक मागून घेतलं. वाचता येत नाही, पण राहू दे म्हणाल्या. आत अध्यक्षांचा फोटो आहे, त्याच्या चौकटीत त्यांना तो कागद खोचताना मी दारातून पाहिलं.

चाकणच्या तळेगाव चौकात मित्रानं गाडी थांबवली. मी उतरलो. दार लावताना ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं. खटका बसल्याचा आवाज आला, तसली कुलपं आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून जोडली आहेत. तो निघून गेला. त्यानंतर माझा फोन त्यानं उचललेला नाही, आणि तो का उचलावा, असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.